नाकावर ठोसा, डोक्यावर पाटी

1776 साली लंडनच्या दुकानांत विकायला आलेलं एक छापील चित्र आहे. थेम्सकाठच्या बिलिंग्जगेट मासळी बाजारात एक दणकट मासेवाली एका काटकुळ्या फ्रेंच छैलछबिल्याच्या नाकावर ठोसा लगावते आहे. बाईचं नाव सॅल डॅब, आणि चित्राचा मथळा सांगतो की तिने साहेबांना 'हिशेब चुकता' केल्याची पावती दिली. नाकातून रक्त येतंय, बघे मजेत आहेत. चित्र विकत घेणाऱ्या इंग्रज गिऱ्हाइकाला दुहेरी हसायची सोय होती. एकदा फ्रेंच माणसावर, एकदा बाईवर.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये अशा व्यंगचित्रांचा मोठा धंदा होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, छापायचं, हाताने रंग भरायचे आणि दुकानाच्या काचेत टांगायचं. खिशात पैसे असलेला आत जाऊन विकत घेई, नसलेला बाहेर उभा राहून फुकटात पाही. जेम्स गिलरेची चित्रं सेंट जेम्स स्ट्रीटवर ज्या दुकानातून खपत, ते दुकान हॅना हंफ्री या बाईचं होतं. बाजारातल्या बायांची टिंगल करणारा माल रस्त्यावरच्या काचेत मांडून विकणारी स्वतःही एक बाईच, हे मला त्या चित्रांइतकंच गमतीचं वाटतं.

या चित्रांमधली मासेवाली मात्र एकसारखी नाही. विल्यम होगार्थच्या तीन कामांत ती तीन तऱ्हांनी येते. 1748च्या 'कॅले गेट'मध्ये फ्रेंच मासेवाल्या एका वाघळीसारख्या चपट्या माशाकडे कौतुकाने बघताहेत आणि माशाचा चेहरा त्यांच्यासारखाच आहे. निव्वळ हेटाळणी. तीनच वर्षांनी, 1751च्या 'बिअर स्ट्रीट'मध्ये त्याच धंद्यातल्या इंग्रज बाया गुटगुटीत, हसऱ्या, हेरिंगच्या टोपल्यांसह उभ्या आहेत आणि हेरिंगच्या मासेमारीवरचं एक कवन वाचताहेत. वाचताहेत, हे ध्यानात घ्या! यामागे कारण होतं. 1750 साली सरकारने ब्रिटिश हेरिंग मासेमारीला उत्तेजन देणारा कायदा केला होता. देशाला मासळी हवी होती, म्हणून मासळीवाली देशभक्त झाली. तिसरं काम व्यंगचित्र नव्हेच. 'श्रिंप गर्ल' हे 1740च्या दशकातलं अर्धवट तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डोक्यावर कोळंबीची पाटी घेतलेली ती पोरगी कुणाकडे तरी बघून हसते आहे, बस्स. हे चित्र होगार्थने विकलं नाही. ते त्याच्या मरणापर्यंत त्याच्याचपाशी राहिलं.

1789च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बाया भाकरीच्या महागाईवरून पावसात चालत व्हर्सायला गेल्या आणि राजाला राजधानीत घेऊन आल्या. त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या वर्गाला बाजारातली बाई नुसती हसण्याजोगी राहिली नाही, ती धास्तीचीही झाली.

आता मुद्द्याचं. या सगळ्या चित्रांत मासेवालीचं तोंड उघडं असतं. ती ओरडत असते, शिव्या देत असते, भांडत असते. चित्रकार ते तिच्या जातीचा, रक्ताचा गुण म्हणून दाखवतात. मला ते धंद्याचं गणित वाटतं. धान्याचा व्यापारी भाव पडला तर पोती रचून गप्प बसू शकतो. मासळीला दुपार माहीत नसते. बर्फ नसलेल्या काळात सकाळचा माल संध्याकाळी फेकायचा. मासळी बर्फात घालून पाठवायची युक्ती ब्रिटनमध्ये आली तीच 1780च्या दशकात, तीही स्कॉटलंडच्या महागड्या सामनसाठी. जॉर्ज डेम्प्स्टर नावाच्या खासदाराला ती सांगितली ईस्ट इंडिया कंपनीच्या अलेक्झांडर डॅलरिंपलने, चीनमध्ये कोळी असं करतात म्हणून. बिलिंग्जगेटहून उसन्या पैशावर पाटीभर मासे उचलून गल्लोगल्ली फिरणाऱ्या बाईच्या वाट्याला हा बर्फ कुठला? तिच्यापाशी होते पाय आणि गळा. पाऊण तासात पाटी हलकी करायची तर कुजबुजून कसं चालेल?

टॉमस रोलंडसनने हा गोंगाट सगळ्यात जवळून ऐकलेला दिसतो. 1808च्या सुमाराच्या 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन' या ग्रंथात बिलिंग्जगेटचं एक चित्र आहे. त्यातल्या इमारती पुगिन या दुसऱ्या चित्रकाराने काढल्या आणि माणसं रोलंडसनने. इमारती शिस्तीत उभ्या आहेत, माणसं अजिबात नाहीत. याच रोलंडसनने 1816 साली आपल्या मुंबईचीही चित्रं काढली, मुंबई न पाहता! 'क्विझ' या टोपणनावाने छापलेल्या एका उपहासकाव्यात क्वी हाय नावाचा कोवळा इंग्रज नशीब काढायला मुंबईत उतरतो. 'कोई है' अशी नोकराला मारायची हाक, तेच त्याचं नाव. पुस्तकात साहेबलोकांची यथेच्छ फजिती आहे, पण मुंबईच्या बाजारातली कोळीण रोलंडसनच्या हाती लागली असती तर काय झालं असतं, असं राहून राहून वाटतं.

ती लागली एका कोल्हापूरकराच्या हाती, शंभर वर्षांनी. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म 1867, जे. जे. स्कूलचे विद्यार्थी आणि पुढे तिथलेच शिक्षक. 1920 साली निघालेल्या ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'मध्ये त्यांनी रंगवलेली मुंबईची मासेवाली आहे. पुस्तक गोऱ्या अधिकाऱ्याचं, नजर बरीचशी जातवार नमुने गोळा करणारी, तरी धुरंधरांच्या ब्रशात कुत्सितपणा नाही. ठोसा मारणारी सॅल डॅब मराठी चित्रकलेत आली नाही. आमच्याकडे कोळणीचं तोंड चित्रांपेक्षा बोलण्यात, नकलांत आणि नाटक-सिनेमांत गाजलं.

गणित मात्र इथेही तेच. 1875 साली बांधलेल्या ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर उजाडायच्या आत लिलाव होतो. समुद्रावर जाणारे पुरुष, किनाऱ्यावरचा पैसा बायांच्या हातात. किरकोळ बाजारात बोंबील-मांदेली वाट्यांनी विकायची, आणि वाट्याचा भाव घड्याळाबरोबर खाली येतो. सकाळी गिऱ्हाइकाला झिडकारणारी कोळीण दुपारी त्यालाच 'दादा, घेऊन जा' म्हणते. तिच्या तोंडाळपणाची नक्कल करणाऱ्यांनी ही दुपार सहसा पाहिलेली नसते.

हे सगळं मी लिहितो आहे लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळमध्ये बसून, जिथून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर लांब. तरी आमच्या शाळांत गुरुजी पोरांवर ओरडायचे ते 'मासळी बाजार मांडलाय का रे?' असंच. गुरुजींनी तो बाजार कधी पाहिला होता की नाही, देव जाणे. इथला खरा मासळी बाजार म्हणजे आठवडी बाजाराच्या कडेची एक ओळ. निलंग्यातून वेगळा होऊन 1999 साली झालेला हा छोटा तालुका. घरणी आणि साकोळ हे इथले मध्यम प्रकल्प. भोई समाजाची माणसं पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगलेली. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेने घ्यायचा, पावसाळ्यात बोटुकली सोडायची आणि रोहू, कटला, मृगळ पोसेपर्यंत आभाळाकडे बघायचं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली. माणसांना पाणी नव्हतं, तिथे माशांची चौकशी कोण करणार? पण तळ उघडा पडलेला तलाव म्हणजे बुडालेलं मत्स्यबीज आणि ठेक्याचे अडकलेले पैसे, हे भोयाच्या घरी विचारावं.

तलाव आटला की आंध्रातल्या तळ्यांवरचा माल बर्फाच्या पेट्यांतून मराठवाड्यात येतो. इथली मासेवाली मग दुसऱ्याच्या तळ्यातला रोहू विकते. तिचा बाजार मुंबईहून शांत असतो. याचंही कारण स्वभावात शोधू नये. इथे वाटा नाही, काटा आहे. भाव किलोचा, बर्फामुळे संध्याकाळपर्यंत दम धरता येतो, आणि गिऱ्हाइकाला मासा घेण्यापेक्षा खवले काढून, तुकडे करून मिळण्याची घाई जास्त. मोठ्या विळीवर मासा आडवा घालून ती खाली मान घालून कापत असते. घासाघीस होते, पण वजन झाल्यावर, दहा-वीस रुपयांसाठी. उन्हाळ्यात बर्फ लवकर वितळतो. मग त्या ओळीतही दुपारनंतर आवाज चढायला लागतो.