मोजमाप पुस्तक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे दगडी धरण 1926 साली पुरे झाले. त्याच नदीवर खालच्या अंगाला असलेल्या निळवंडे धरणाची कल्पना 1970 साली पुढे आली, आणि त्याच्या 85 किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण होण्यास 26 ऑक्टोबर 2023 हा दिवस उजाडावा लागला. 182 गावांना पाणी देणाऱ्या या प्रकल्पाचा खर्च तोवर सुमारे 5177 कोटी रुपयांच्या घरात गेला होता. निधी, पुनर्वसन यांसारखे प्रश्न कोणत्याही संगणकप्रणालीने सुटत नाहीत हे खरे; परंतु काम कोठवर आले आणि कोणाचे बिल कोणत्या मंजुरीसाठी अडले, याचा दाखला तत्काळ मिळू लागला, तर दिरंगाईला लपण्यास जागा निश्चितच कमी उरेल.

बांधकाम व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे नेमके हेच करतात. नकाशे, अंदाजपत्रक, सिमेंट-सळईची आवक, मजुरांची हजेरी, मोजमाप आणि बिल हे सारे दप्तर ती एकत्र ठेवतात. कॅलिफोर्नियात 2002 साली स्थापन झालेली ‘प्रोकोर’ ही या व्यवसायातील नामांकित कंपनी. अलीकडे अशा प्रणालींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाला असून, छायाचित्रांवरून प्रगती ताडणे, दैनिक अहवालाचा मसुदा करणे, शेकडो पानांच्या करारातील नेमके कलम शोधून देणे ही कामे तिच्याकडून करून घेता येतात. मात्र सर्व कंत्राटदारांची गरज एक नसते. कालव्याचे काम घेणाऱ्या मोठ्या कंत्राटदारास अनेक उपकंत्राटदारांचा मेळ घालावयाचा असतो. वीजजोडणी वा नळकाम करणाऱ्यास आपल्या वाट्याचे काम केव्हा मोकळे होईल एवढेच हवे असते. संगमनेर-श्रीरामपुरात घरे बांधणाऱ्याचा सारा कारभार मुकादमाच्या वहीवर चालतो. आणि मजूर सहकारी संस्थेला सभासदांच्या मजुरीचा चोख हिशेब द्यावा लागतो. एकाचे दर दुसऱ्यास दिसता कामा नयेत, ही साधी मर्यादाही यंत्राला आधी घालून द्यावी लागते.

नियंत्रित कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच: यंत्राने काय पाहावे, कशाच्या आधारे सांगावे, कोणाच्या मंजुरीवाचून काही करू नये, आणि त्याच्या प्रत्येक कृतीची नोंद कोठे राहावी, हे आधीच ठरलेले असणे. माझ्या मते या शिस्तीचा उत्तम नमुना आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोजमाप पुस्तकात पूर्वीपासूनच आहे. त्याची पाने क्रमांकित असतात; चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो, तर तो वाचता येईल असा छेदून, शेजारी दुरुस्त आकडा लिहून त्यावर सही करावयाची असते; आणि शाखा अभियंत्याने घेतलेल्या मोजमापाची वरिष्ठ अधिकारी प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी करतो. यंत्राने सुचविलेला आकडाही याच वाटेने गेला पाहिजे. सुचविणारे यंत्र असले, तरी सही करणारा आणि जाब देणारा मनुष्यच असला पाहिजे.

ही सावधगिरी अनाठायी नाही. रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी छायाचित्रासह मोबाईलवर नोंदविण्याची पद्धत केंद्र सरकारने मे 2021 मध्ये सुरू केली आणि 1 जानेवारी 2023 पासून ती सक्तीची केली. पुढे कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, इतकेच नव्हे, तर छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र चढविण्याचे प्रकार आढळले, आणि जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना माणसांकरवी पडताळणी करण्याचे आदेश द्यावे लागले. याउलट, नेटवर्क नसल्यामुळे हजेरी चढली नाही, तर दिवसभर माती वाहिलेल्या बाईची मजुरी बुडण्याची भीती असते. तिची हरकत मराठीत आणि विनाविलंब नोंदवून घेणारी व्यवस्था प्रणालीत नसेल, तर त्या नियंत्रणाला मी अपुरेच म्हणेन.

ज्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनी महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराची मागणी लावून धरली, ते गाव याच जिल्ह्यातले. 2005 च्या केंद्रीय कायद्याने नागरिकाला सरकारी कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा आणि संगणकातील माहिती त्याच स्वरूपात मागण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हा सरकारी कामावर अशी प्रणाली घेताना, यंत्राने काय सुचविले, कोणी ते स्वीकारले वा फेटाळले आणि कोणत्या तारखेला, हा सारा तपशील अर्जदाराच्या हाती देता येईल अशा रीतीने जतन करण्याची अट निविदेतच घातली गेली पाहिजे.