उन्हात मुरलेला चहा

सिल्वासाची बाटली दारूबंदीच्या गुजरातेत कशासाठी प्रसिद्ध आहे, हे सांगायची गरज नाही. शनिवारी संध्याकाळी वापीच्या रस्त्यावर उभं राहिलं की आपोआप कळतं. हा लेख दुसऱ्या बाटलीचा आहे, खरं तर बरणीचा. पाणी, पत्ती आणि ऊन, एवढंच तिचं भांडवल. गॅस नाही, आधण नाही. काचेच्या बरणीत पाणी घ्यायचं, पत्ती सोडायची, बरणी गच्चीवर ठेवायची आणि दोन-तीन तासांनी गाळून बर्फावर ओतायचं.

इथल्या चहाच्या तबियतीला हे मानवणारं नाही, हे आधीच कबूल करतो. सिल्वासात चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि उकळी. भाजीबाजारात गवती चहा आणि पुदिना एकाच जुडीत बांधून मिळतो, इतकं त्यांचं सख्य. चहा पातेल्यातून उतू जायच्या बेतात आला की गॅस बारीक, पुन्हा मोठा. ही सवय असलेल्या माणसाला उन्हात ठेवलेलं तांबूस पाणी दिलं तर तो आधी विचारणार, ‘यात दूध कधी घालणार?’

पण ऑक्टोबरच्या दुपारी, पाऊस नुकताच आटोपलेला, हवेत ओल आणि वरून ऊन, तेव्हा उकळता चहा घशाखाली उतरत नाही. अशा वेळी हा पर्याय डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

बर्फाचा चहा अमेरिकेने रूढ केला. तिथे आजही प्यायल्या जाणाऱ्या चहातला तीन-चतुर्थांशाहून जास्त गार असतो. त्याची कृती 1879 सालच्या व्हर्जिनियातल्या एका पाकपुस्तकात छापलेली आहे. तरी लोकांच्या तोंडी किस्सा आहे तो 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाचा. रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचा गृहस्थ तिथे भारतातला चहा खपवायला गेला होता. उकाड्यात गरम पेल्याकडे कोणी फिरकेना, म्हणून त्याने त्यात बर्फ टाकला. शोध त्याचा नव्हे, प्रसिद्धी त्याची. उन्हात चहा मुरवण्याची टूम त्यानंतर बरीच उशिरा, 1970 च्या दशकात घरोघर पोचली. चहाच्या गोष्टीचा एक धागा सिल्वासापर्यंतही येतो. चहाला इंग्लंडच्या दरबारात मान मिळाला तो पोर्तुगालच्या राजकन्येमुळे. कॅथरीन ऑफ ब्रागांझा 1662 साली दुसऱ्या चार्ल्सची राणी झाली. आंदणात मुंबई गेली आणि राणीच्या सवयीबरोबर चहा. त्याच पोर्तुगालचा अंमल सिल्वासात 2 ऑगस्ट 1954 पर्यंत टिकला, हा इतिहास मराठी वाचकाला त्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या गायक सुधीर फडक्यांमुळे ठाऊक असतोच.

आता उन्हाकडे येऊ. सिल्वासा 20 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि भरदुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच जिरते. जुलैत हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा सूर्य कुठे आहे हे ढगांना विचारावं लागतं. दिवाळीच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण 55 अंशांवर असतो. म्हणजे ऊन उतरणीला लागलेलं, तरी भरपूर.

पण ‘भरपूर’ म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. लिटरभराची बरणी उन्हासमोर धरते तो पृष्ठभाग सुमारे 200 चौरस सेंटिमीटरचा. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटरवर 800-900 वॉट ऊन पडतं. त्यातलं बरणीच्या वाट्याला आलं 16 ते 18 वॉट. काचेवरून काही परत फिरतं, काही पाण्यातून आरपार जातं. हाती दहाएक वॉट लागले तर एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सात मिनिटं जातात, आणि बरणी जशी तापते तशी वाऱ्यावर उष्णता गमावतेही. विजेची 1,500 वॉटची किटली हेच पाणी चार मिनिटांच्या आत उकळते. बरणीतलं पाणी मात्र तीन तासांनी चाळिशीत, फार तर पन्नाशीत पोचतं. अगदी कडक उन्हातही 54-55 अंश ही कमाल धरावी.

उन्हात ताकद नाही असा याचा अर्थ नव्हे. ते गोळा करावं लागतं. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009 मध्ये 73 सौर तबकड्या बसल्या, प्रत्येकी 16 चौरस मीटरची. त्या वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होतो. त्या बसवल्या आपल्या शेजारच्या वलसाडच्या कंपनीने. तबकडीचं ऊन रांधतं, बरणीचं ऊन नुसतं कोमट करतं. दोन्हींना ‘सौरऊर्जा’ म्हटलं की फरक बुजतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

चवीपुरतं पाहिलं तर हे कोमटपण गुणाचंच आहे. चहाच्या पानातला कडूपणा आणि जिभेला ओढणारा तुरटपणा देणारी द्रव्यं गरम पाण्यात झपाट्याने उतरतात, कोमट पाण्यात रेंगाळतात. कॅफीनही सावकाश येतं. म्हणून उन्हातला चहा मऊ लागतो, साखर कमी लागते. दुसरी गोष्ट, उकळलेला कडक चहा गार केला की ढगाळ होतो. कॅफीन आणि पॉलिफेनॉल गारव्यात एकमेकांना धरतात आणि पेल्यात साय आल्यासारखं दिसतं. कोमट पाण्यात मुरलेला चहा बराचसा नितळ राहतो. लिंबू पिळलं की त्याचा तांबूस रंग पाहता पाहता फिका होतो, कारण चहातली रंगद्रव्यं आम्लाप्रमाणे रंग बदलतात. मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे.

पत्ती मात्र नेहमीच्या डब्यातली चालत नाही. आपण पितो तो बहुतेक सीटीसी, म्हणजे पान चुरडून, फाडून, वळून केलेली दाणेदार पत्ती. तिचं यंत्र 1930 च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यात तयार झालं. दूध घालून उकळायला ती उत्तम. उन्हात ती दहा मिनिटांत सगळा रंग ओकते आणि मग नुसती गढूळ बसते. अख्ख्या पानाचा चहा घ्यावा. नीलगिरीचा घेतला तर सोन्याहून पिवळं, कारण तो गार झाल्यावर ढगाळत नाही अशी त्याची ख्याती आहे. एका लिटरला चार-पाच चमचे पुरतात. पाच मिनिटं बरणीजवळ बसून पाहा. वळलेलं पान आधी तरंगतं, मग एक टोक सुटतं, आणि त्या टोकापासून मधाच्या रंगाची बारीक दोरी सरळ खाली उतरत जाते. तळाशी रंगाचा थर साचतो आणि वर पाणी अजून कोरंच. हळूहळू तापलेलं पाणी वर सरकतं आणि थर मोडतो. आधणात हे दिसायची सोय नाही.

उन्हात बरणी ठेवणं आपल्याला नवं कुठे आहे? गुलकंद असाच होतो. गुलाबाच्या पाकळ्या नि खडीसाखर थरांवर थर, वर फडक्याचा दादरा बांधून आठवडेच्या आठवडे ऊन. कोकणात रातांब्याच्या साली साखरेत घालून उन्हात ठेवतात, त्याचं अमृत कोकम. गुजराती शेजारणीचा छुंदाही कैरीच्या किसाचा, साखरेचा आणि उन्हाचा. आयुर्वेदात तर विस्तवाऐवजी उन्हात सिद्ध केलेल्या तेलांना ‘आदित्यपाक’ असं स्वतंत्र नाव आहे. तिथलेच ‘हिम’ आणि ‘फांट’ हेही पाहावेत. थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढतात तो हिम, गरम पाण्यात मुरवून काढतात तो फांट. उन्हातला चहा या दोघांच्या मधोमध बसतो.

पण या सगळ्या बरण्यांत एक पहारेकरी असतो. गुलकंदात, छुंद्यात इतकी साखर असते की जंतूंना हवं ते मोकळं पाणीच उरत नाही. लोणच्यात मीठ आणि आम्ल, कोकमात आम्ल आणि साखर, तेलात तर पाणीच नाही. चहात यातलं काही नाही. नुसत्या काळ्या चहाची आम्लता सौम्य, सामू पाचच्या आसपास. आणि 5 ते 60 अंश ही अन्नातल्या जंतूंच्या वाढीची पेठ. आपण ती बरणी दोन-तीन तास नेमकी याच पेठेत ठेवतो.

सिल्वासाभोवतीच्या नगर हवेलीतल्या वारली किंवा धोडिया घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, दिवस चढला की ती फेसाळते. उन्हाने काही घातलेलं नसतं. रसातल्या यीस्टला ऊब मिळते, इतकंच. नीरेत त्याची ताडी होते आणि गिऱ्हाईक मिळतं. चहात जे वाढेल त्याला गिऱ्हाईक नाही. अमेरिकेत या चहातल्या एका जंतूचं नाव वारंवार घेतलं जातं, अल्कॅलिजिनिस व्हिस्कोलॅक्टिस. माती-पाण्यात सर्रास सापडणारा. तो माजला की चहा पाकासारखा तारा धरतो. असा चहा ओतून टाकावा. पण तार नाही म्हणजे चहा चांगला, असंही नाही. बाकीचे जंतू काही दिसण्याची तसदी घेत नाहीत. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने गार चहाबद्दल 1990 च्या दशकात सांगून ठेवलं ते असं: सुमारे 90 अंशांच्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं मुरवा, आणि केलेला चहा बाहेर आठ तासांहून जास्त ठेवू नका.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, की ऊन तर पाणी शुद्ध करतं! करतं. बैरूतच्या आफ्तिम आक्रांनी 1980 च्या आसपास हे दाखवलं, स्वित्झर्लंडच्या ‘ईआवाग’ संस्थेने त्याची पद्धत बसवली. नितळ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत सहा तास कडक उन्हात ठेवायचं, आभाळ असेल तर दोन दिवस. जंतू मरतात ते मुख्यतः अतिनील किरणांनी, आणि पाणी पन्नाशीला पोचलं तर उष्णतेचीही साथ मिळते. पण ‘नितळ’ हा त्यातला कळीचा शब्द. चहाचा रंग नेमके तेच किरण शोषून घेतो. जितका चहा उतरेल तितकं निर्जंतुकीकरण थांबेल.

म्हणून माझं मत असं: उन्हाला चव काढायला लावावं, जंतू मारायला नव्हे. पाणी आधी खळखळून उकळावं आणि झाकून कोमट होऊ द्यावं. बरणी, झाकण उकळत्या पाण्याने विसळावं. अमेरिकेत मिळतात तशा तोटीच्या बरण्या मुळीच घेऊ नयेत, तोटीच्या आतली घाण कोणाच्या बापाला निघत नाही. गवती चहा किंवा पुदिना घालायचा असेल तर पातीला माती असते हे विसरू नये. धुऊन, वर अर्धा मिनिट उकळतं पाणी ओतून मग बरणीत. गवती चहाचा लिंबासारखा वास उकळीत निम्मा उडून जातो, कोमट पाण्यात तो टिकतो. उन्हातल्या चहाचं माझ्या मते सगळ्यात मोठं समर्थन हेच. झाकण घट्ट लावावं, सिल्वासाच्या कारखान्यांची धूळ चहात नको. अकरा ते एक ही वेळ बरी, दोन तासांवर नाही. साखर शेवटी, कारण चार चमचे साखर पहारेकरी होत नाही, उलट मेजवानी होते. गाळून लगेच फ्रीजमध्ये, आणि त्याच दिवशी संपवावा. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर त्यांच्यापुरता साधा आधणाचा चहा करून गार करावा.

आंबट हवा असेल तर गाळल्यावर पेलाभर चहात चमचाभर अमृत कोकम घालून पाहा. रंग लालबुंद होतो, वर साखर लागत नाही.

आणि जून लागला, दमणगंगेला पाणी चढलं, की बरणी सरळ फ्रीजमध्ये ठेवावी. तीच पत्ती, तेच उकळून गार केलेलं पाणी, रात्रभर. चव जवळजवळ तीच येते, धोका बराच कमी, आणि ढगांशी भांडण नाही.