दवाखान्याची वाट पोलीस ठाण्यातून जात नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी, म्हणजे मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीस आणला. मालाची किंमत तीनशे कोटींच्या घरात सांगितली गेली आणि शहर हादरलं. त्यानंतर नाशिककरांच्या मनात नशेचं एकच चित्र पक्कं झालं: टोळी, पुडी, छापा, बेड्या. पुरवठादारांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण कॉलेज रोडवर किंवा पंचवटीत खोली घेऊन राहणारा, सुरगाण्या-कळवणहून शिकायला आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा त्यातून एवढंच शिकतो, की कुणाला कळता कामा नये. माझं म्हणणं असं, की पदार्थाइतकंच नुकसान ही लपवाछपवी करते, आणि ती ज्या समजुतींवर उभी आहे त्या बहुतेक चुकीच्या आहेत.

त्यातली सर्वांत घट्ट समजूत म्हणजे डॉक्टरकडे गेलं की पोलीस केस होते. अमली पदार्थ सेवन करणं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत आपणहून उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवता येत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. मुळात रुग्णाने नशा केली आहे म्हणून पोलिसांना कळवण्याचं बंधन डॉक्टरवर नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींना आजारात धरलं आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क मानला आहे. न्यायालयाचा आदेश किंवा कुणाच्या जिवाला धोका, असे मोजके अपवाद सोडले, तर ती माहिती कॉलेजला किंवा शेजाऱ्यांना सांगता येत नाही.

यावर पालक आणि प्राध्यापक हमखास एक शंका काढतात: असं उघड सांगितलं तर मुलांची भीती जाईल आणि ती मोकाट सुटतील. शंका प्रामाणिक आहे, पण कायद्याने सवलत उपचाराला दिली आहे, विक्रीला नाही. मित्रासाठी आणून दिलेली पुडीही पुरवठा ठरू शकते, आणि हे मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. भीतीने नशा थांबते का, याचं उत्तर आपल्याच देशाच्या आकड्यांत आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दारू तर परवान्याच्या दुकानात मिळते. तिथे ही गत असेल, तर बेकायदा पदार्थ घेणारा विद्यार्थी किती खोल दडून बसत असेल, याचा अंदाज करावा.

‘आम्ही फक्त शनिवारी घेतो’ हा मुलांचा युक्तिवादही तपासून पाहावा लागतो. एमडीचा अंमल थोड्या वेळात उतरतो आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं, म्हणून एका रात्रीचं प्रमाण घेणाऱ्याच्याच हातात राहत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, झोप उडते, काहींना आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय असं वाटू लागतं. गांजा ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी, हेही तसंच. गांजा घेणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक त्यात अडकतो; सुरुवात किशोरवयात झाली असेल तर सहातला एक. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, चिठ्ठीवर मिळणारं औषध. दवा आहे म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आणि दारूला नशेच्या यादीतून वगळायचं कारण नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, म्हणजे बहुतेक पदवीचे विद्यार्थी त्या वयाच्या अलीकडेच असतात.

घरच्यांचा सर्वांत घातक समज मात्र ‘मनात आणलं तर सुटतं’ हा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा महिनोन्‌महिने अल्प्राझोलाम घेणाऱ्याने ते एका दिवसात बंद केलं, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. खोलीत कोंडून शपथ घ्यायला लावणारे वडील प्रेमापोटीच तसं करतात, पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करायचं काम आहे. त्यासाठी दरवेळी भरती व्हावं लागतं असंही नाही. अनेकांना बाह्यरुग्ण उपचार आणि समुपदेशन पुरतं. भरतीची वेळ आली तरी व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे कोंडवाडा नव्हे. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणने समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा यांवर भर देऊन ते दाखवून दिलं आहे. काही ठिकाणी साखळदंड आणि मारहाण होते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दाखल करण्याआधी केंद्राची नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ नियमित येतात का आणि कुटुंबाला भेटू देतात का, हे विचारून घ्यावं. उपचारानंतर पुन्हा नशा झाली तर सगळं वाया गेलं असं समजून मुलाला झिडकारू नये. चाळीस ते साठ टक्के रुग्णांत असं होतं. दमा आणि रक्तदाबाचे रुग्णही जवळपास तेवढ्याच प्रमाणात घसरतात, आणि त्यांना कुणी नालायक म्हणत नाही.

नाशिकमध्ये सुरुवात करायला जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. घरातून बाहेर पडायचा धीर होत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस, १४४१६, हे मोफत क्रमांक आहेत, आणि काळजीत पडलेला रूममेटही त्यावर बोलू शकतो. त्याच रूममेटला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. मित्र शुद्धीवर येत नसेल, श्वास अडखळत असेल, झटके येत असतील, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून थांबू नये. त्याला कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये, १०८ ला फोन करावा आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगावं. आणलं कुणी, हा प्रश्न त्या घडीला कुणीही विचारायचा नाही.