'इस्कूल' आणि 'गिलास' यांमागचं शास्त्र

यवतमाळच्या बसस्थानकाजवळ टपरीवर पाणी मागितलं, की ते 'गिलासा'त मिळतं. आसपासच्या खेड्यांतली पोरं 'इस्कुला'त जातात, 'फिलिम' बघतात. पुढे शहरात याच शब्दांवरून त्यांना हसतात. खरं तर त्यांचा कान भाषाशास्त्राचा नियम चोख पाळत असतो.

कोणताही शब्द बोलताना सिलॅबलमध्ये, म्हणजे उच्चारखंडांत विभागला जातो. हनुवटीखाली तळहात धरून 'यवतमाळ' म्हणा. लिहिताना अक्षरं पाच, पण खंड तीनच: य-वत-माळ. 'त' आणि 'ळ' यांतला अ आपण उच्चारतच नाही. प्रत्येक खंडाच्या केंद्रस्थानी स्वर असतो, कारण तेव्हा तोंड सर्वांत मोकळं असतं. त्याखालोखाल र-ल, मग न-म, मग स. क, ग, ट, प हे सर्वांत बंद. खंड म्हणजे एक टेकडीच. माथ्यावर स्वर, उतारावर व्यंजनं.

'ग्लास'मध्ये ग, ल, आ अशी सरळ चढण आहे. जोडाक्षर सोडवायला मध्ये इ आला, की झालं: गि-लास. 'स्कूल'मध्ये मात्र स आधी आणि त्याहून बंद असलेला क नंतर, म्हणजे चढणीआधीच एक उतार. तिथे इ सुरुवातीला येतो आणि स त्याला चिकटतो: इस्-कूल. म्हणूनच 'इग्लास' कोणी म्हणत नाही. कैरोच्या अरबीतही हीच वाटणी दिसते: प्लॅस्टिकचं 'बिलास्तिक', पण स्टडीचं 'इस्टडी'.

शब्द कानाने फोडावा, हा आग्रह अमेरिकेत पुढे कोशकार म्हणून गाजलेल्या नोआ वेब्स्टरने 1783च्या आपल्या शालेय पुस्तकात धरला. जुनी पुस्तकं 'क्ल-स्टर' अशी फोड शिकवत. त्याने 'क्लस्-टर' केली. इंग्रजीत या फोडीचा थेट अर्थाशी संबंध येतो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या खंडावर आणि शब्दकोशात शब्दाची फोड दाखवणारा ठिपका सी या अक्षरानंतर. क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर आणि ठिपका सीच्या आधी. 'प्रेझेंट'चंही तसंच: हजर किंवा भेट असा अर्थ असेल तर जोर आधी, सादर करणे असेल तर नंतर. मात्र हे ठिपके मुख्यतः छपाईत ओळ कुठे तोडावी हे सांगतात. 'अबाउट'मध्ये खंड दोन, तरी मेरियम-वेब्स्टर कोशात त्यात ठिपका नाही, कारण एकटं अक्षर ओळीच्या शेवटी सोडत नाहीत. उच्चारासाठी शेजारची उच्चारखूणच बघावी.

आपल्या वर्गांत स्पेलिंग घोकून घेतात. खंड मोजायला क्वचितच शिकवतात. ते शिकवायला खडूसुद्धा लागत नाही. मूल 'इस्कूल' म्हणालं, तर त्याला दोन टाळ्या वाजवू द्या. मग 'स्कूल' म्हणायला लावून एकच. फरक त्याचा त्यालाच कळेल, आणि आपली बोली चुकीची नाही, तिचा नियम वेगळा आहे, हेही उमगेल. इंग्रजीची भीती घालवायची असेल, तर सुरुवात इथून करायला हवी.