मापाची सीट, जिवाची राखण

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला असली की एखाद्या दिवशी घरात विषय निघतो, "आई, आमची टीम रेसची गाडी बनवतेय!" आणि पाठोपाठ वर्गणीची मागणी येते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात याचं नवल वाटायला नको. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा. गाड्यांचं वेड इथल्या हवेतच आहे. २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला 'बाहा' स्पर्धा सुरू झाली आणि एका माणसाची गाडी स्वतः बांधून शर्यतीत उतरवायची, हे कॉलेजच्या मुलांचं स्वप्न होऊन बसलं.

मैत्रिणींनो, पैसे जरूर द्या, पण आधी एक प्रश्न विचारा, "सीट कशी घेतलीत आणि कशाला बसवलीत?"

ब्लाउज जसं मापाचं लागतं, तशीच रेसची सीटही. सोफ्यासारखी ऐसपैस सीट इथे कामाची नाही. वळणावर अंग बाजूला फेकलं जातं. कंबर आणि खांदे सीटनं धरले नाहीत, तर चालवणारा स्टिअरिंगलाच लोंबकळतो! म्हणून हेल्मेट घालून, प्रत्यक्ष बसून पाहावं. कमरेशी घट्ट, पण श्वास मोकळा. गुडघे किंचित वाकलेले. टीममध्ये उंच मुलगा नि ठेंगणी मुलगी दोघं चालवणार असतील, तर सीट मोठ्या मापाची घ्यावी आणि मुलीसाठी आत फोमचा साचा करावा. पिशवीत फुगणारा फोम ओतून तिला त्यावर बसवलं की तिच्या अंगाचा ठसा उमटतो.

जुनी फायबरची सीट स्वस्त मिळाली तरी भुलू नये. आतला तडा वरून दिसतोच असं नाही.

आता बसवणं. नुसत्या पातळ पत्र्यावर सीट ठोकू नये. सांगाड्याला वेल्ड केलेल्या मजबूत पट्ट्यांवर ती बोल्टनं आवळावी. खांद्यांचे पट्टे मागे खांद्याच्या पातळीत किंवा जरासे खाली बांधावेत. फार खाली गेले, तर धडकेत मणक्यावर दाब येतो. कमरेचा पट्टा पोटावर न येता खाली कमरेच्या हाडांवर बसावा. डोक्याजवळच्या नळ्यांना घट्ट फोम, पत्र्याच्या कडा घासून गुळगुळीत आणि इंजिन व चालक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत हवी. इंजिन बंद करायचा खटका पट्टे बांधलेले असतानाही हाताला लागला पाहिजे. शेवटी घड्याळ लावून परीक्षा घ्यावी : ५ सेकंदांत गाडीबाहेर पडता आलंच पाहिजे, असा स्पर्धेचाच नियम आहे.

"मुलीला कशाला हे उद्योग?" असं मात्र म्हणू नका हं! पुण्याच्या डायना पुंडोले या दोन मुलांच्या आई. २०२४ साली त्यांनी राष्ट्रीय मोटार शर्यतीत सलून गटाचं अजिंक्यपद मिळवलं.

आणि हा पट्ट्याचा धडा घरच्या गाडीलाही लागू आहे. पैठणला निघालात तरी मागच्या सीटवर पट्टा बांधा. कायद्यानंही तो बंधनकारक आहे. गरोदर बाईनं तो पोटाखालून घ्यावा. तान्ह्या बाळाला मांडीवर धरण्यापेक्षा त्याच्या मापाच्या वेगळ्या सीटमध्ये बसवावं. धडकेच्या क्षणी आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी ती पुरी पडत नाही.