बंदरातले सात तास

डिसेंबरातली पहाट. गुरुग्रामच्या एखाद्या सोसायटीत विसाव्या मजल्याच्या गॅलरीतून समोरचा टॉवरही दिसत नाही, खालच्या रस्त्यावरचे दिवे धुक्यात विरघळून गेलेले असतात. अशा पहाटे दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणं रखडतात, काही रद्दही होतात. आणि नेमक्या याच दिवसांत मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे निघणाऱ्या क्रूझचा हंगाम भरात आलेला असतो. पावसाळा सरून समुद्र निवळतो, शाळांना नाताळची सुट्टी लागते आणि घरात क्रूझचा विषय निघतो. विमान चुकलं तर पुढचं मिळतं, पण धक्क्यावरून सुटलेली बोट एका कुटुंबासाठी परत फिरत नाही. म्हणून गुरुग्रामकरांच्या क्रूझची आखणी समुद्रापासून नव्हे, तर धुक्यापासून सुरू होते.

मुंबईपासून सुमारे १,४०० किलोमीटर लांब असलेल्या या शहरात नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी घरं बरीच आहेत. आयटी, वाहन उद्योग, बँका, सल्लागार कंपन्या अशा ठिकाणी माणसं कामाला असतात आणि वर्षातून एकदा आई-वडिलांना, मुलांना घेऊन कुठेतरी निवांत जावं असं त्यांना वाटतं. मेकमायट्रिपसारख्या प्रवास कंपनीचं मुख्यालय याच शहरात आहे, त्यामुळे तिकीट काढणं ही इथली सगळ्यांत सोपी गोष्ट. कठीण असतं ते त्यापुढचं. क्रूझच्या जाहिरातीत तरणतलाव, रंगमंच आणि बुफेची टेबलं दिसतात. सहल संपल्यावर मात्र लोक बहुतेक वेळा बोलतात ते बंदरात उतरलेल्या दिवसाबद्दल. तो दिवस जमला तर सगळी सहल जमली. तो टॅक्सी शोधण्यात आणि रांगेत गेला, तर चार दिवसांच्या सुखावर विरजण पडतं.

दिल्लीच्या बाजूचा प्रवासी आणि मुंबईचा धक्का यांचं नातं तसं जुनं आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांच्या नावाचा बॅलार्ड पियर हा एकेकाळी विलायतेच्या बोटींचा धक्का होता. त्याला लागूनच बॅलार्ड पियर मोल नावाचं रेल्वे स्थानक होतं. १ जून १९१२ रोजी तिथून ‘पंजाब लिमिटेड’ सुटू लागली. बोटीतून उतरलेले प्रवासी, टपाल आणि पेट्या घेऊन ती इटारसी, आग्रा, दिल्ली असं करत पेशावरला पोहोचायची. २,४९६ किलोमीटरचं अंतर, ४७ तासांचा प्रवास. बोटीची वेळ आणि गाडीची वेळ जुळलेली असायची. आजच्या प्रवाशाला ही जुळवाजुळव स्वतः करावी लागते.

मराठी माणसाला बोटही नवीन नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्याआधीच्या कित्येक पिढ्या मुंबईहून गावी गेल्या त्या बोटीनं. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जायची. बऱ्याच बंदरांत बोट थेट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि खलाशी हात देऊन एकेकाला खाली घ्यायचे. कडेवर मूल, डोक्यावर ट्रंक, आणि लाटेनं पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा. आजी-आजोबांकडून हे ऐकलेल्या नातवाला क्रूझवरचा ‘टेंडर’ हा शब्द परका वाटायला नको. टेंडर म्हणजे तोच पडाव, फक्त इंजिन, छप्पर आणि लाइफ जॅकेट असलेला.

आधुनिक क्रूझ मुंबईत रुळायला मात्र वेळ लागला. इटलीच्या कोस्टा कंपनीची ‘निओक्लासिका’ २०१६ च्या सुमारास मुंबईहून मालदीवच्या फेऱ्या करू लागली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली ही २११ मीटर लांबीची बोट आधी रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यात होती, आणि एका वेळी सुमारे १,८०० प्रवासी घेऊन जाते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं. २०२९ पर्यंत सागरी क्रूझचे प्रवासी वर्षाला १० लाखांवर नेण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पियरच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. ४ लाख १५ हजार चौरस फुटांची ही इमारत, चेक-इन आणि इमिग्रेशनचे ७२ काउंटर. म्हणजे दारं उघडली आहेत. आता प्रवाशानं तयारीनं आत शिरायचं आहे.

गुरुग्रामहून निघणाऱ्यासाठी पहिला नियम एकच: बोटीच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचायचं. डिसेंबर-जानेवारीत तर यात तडजोड नको. राजधानी एक्स्प्रेसचा पर्याय चांगला आहे, पण धुकं रेल्वेलाही अडवतं, त्यामुळे गाडीनं येणाऱ्यांनीही एक रात्र हाताशी ठेवावी. विमानाचं तिकीट काढताना मुंबईचं कुठलं विमानतळ आहे हे नीट वाचावं, कारण आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. तिथून अटल सेतूवरून दक्षिण मुंबई गाठता येते, पण गाडी आधी ठरवलेली असली तर बरं.

असा एक दिवस आधी आलं, की मुंबई हेच सहलीचं पहिलं बंदर होतं. टर्मिनलपासून गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सीएसएमटी हे सगळं जवळ आहे. घारापुरीची लेणी बघायची तर गेटवेहून लाँचनं तासाभराचा प्रवास लागतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ पासून चालत आलेलं ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृह आहे. तिथला बेरी पुलाव खाऊन बोटीकडे चालत जाता येतं. मुलांना समुद्र आधी किनाऱ्यावरून दाखवावा, मग आतून. दुसऱ्या दिवशीची त्यांची उत्सुकता बघण्यासारखी असते.

बोटीवर चढल्यावर सगळ्यांत आधी सुरक्षेचा सराव असतो. भोंगा वाजतो, आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं असतं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण मराठी माणसानं तरी तसं म्हणू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत अजून ती आठवण आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. २०१५ पासून बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी सराव घेणं बंधनकारक झालं. ती वीस-पंचवीस मिनिटं मन लावून द्यावीत.

आता बंदराचा दिवस. त्याचं गणित नेहमी शेवटून मांडायचं.

समजा बोट सकाळी ९ वाजता गोव्यातल्या मुरगाव बंदराला लागली आणि प्रवाशांनी परत येण्याची शेवटची वेळ दुपारी ४ आहे. कागदावर सात तास दिसतात. पण बोट लागणं आणि आपण रस्त्यावर येणं यात पाऊण-एक तास जातो: परवानगी, रांग, बंदराच्या फाटकापर्यंतची बस. म्हणजे हातात १० ते ४. परतीसाठी किमान तासभर राखून ठेवायचा, कारण वास्कोच्या रस्त्यावर कधी काय होईल सांगता येत नाही. उरले पाच तास. मुरगावहून जुनं गोवं किंवा पणजी साधारण ३० किलोमीटर, गर्दी धरून जाण्यायेण्यात दोन तास. राहिले तीन तास, आणि त्यात जेवणही आलं.

या तीन तासांत कळंगुट, बागा, आग्वाद आणि पणजी असं सगळं बसवू पाहणारे दिवसभर गाडीच्या काचेतूनच गोवा बघतात. त्यापेक्षा एकच दिशा धरावी. जुन्या गोव्यात बाँ जेझूचं चर्च आणि समोरचं से कॅथेड्रल शांतपणे बघून पणजीत फोंतेन्यश मोहल्ल्यात फेरफटका मारून मासळीचं जेवण जेवता येतं. ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे, त्यांनी मंगेशी किंवा म्हार्दोळच्या म्हाळसेचं दर्शन घेऊन यावं. गुरुग्रामहून एरवी जे घडत नाही ते या निमित्तानं घडतं, फक्त देवळाच्या वेळा आधी विचारून ठेवाव्यात. आणि घरात लहान मूल किंवा गुडघेदुखीची आजी असेल, तर वास्कोजवळचा बोगमाळो किनारा, पायाशी वाळू आणि हातात शहाळं एवढंही पुरतं.

कोचीत हेच गणित जरा सोपं होतं. बोट विलिंग्डन बेटाला लागते, आणि फोर्ट कोची, मट्टनचेरी तिथून फार लांब नाही. चिनी जाळी, मसाल्यांची गोदामं, १५६८ चं परदेशी सिनेगॉग हे एका फेरीत होतं. पण वार बघावा: मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शनिवारी. बंद दारासमोर उभं राहून फोटो काढण्यात बंदराचा दिवस घालवू नये.

लक्षद्वीपची गोष्ट वेगळी. तिथे जायला भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो. क्रूझ कंपन्या तो काढून देतात, पण कागदपत्रं वेळेत पाठवावी लागतात. बेटांभोवतीचं पाणी उथळ आणि प्रवाळाचं, म्हणून मोठी बोट बाहेर नांगर टाकते आणि लहान बोटी प्रवाशांना आणतात. इथे पडावाची आठवण खरी होते. बोटीच्या पोटातलं दार उघडतं, खाली हिरवंनिळं पाणी, लहान बोट वरखाली होत असते. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, खलाशी दंड धरतो आणि ‘आता’ म्हणाला की पाय टाकायचा. पिशवी खांद्याला अडकवावी, मोबाइल खिशात. लाटा उंच असतील तर कप्तान बेटावर उतरणं रद्द करू शकतो, तो अधिकार तिकिटाच्या अटींतच असतो. मुलांना हे आधी सांगून ठेवावं.

इथे सरकारी पर्यायही आहे. लक्षद्वीप प्रशासनाची ‘स्पोर्ट्स’ ही पर्यटन संस्था कोचीहून ‘समुद्रम्’ सहल चालवते. ‘एम. व्ही. कवरत्ती’ बोटीनं कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटं दाखवतात. दिवस बेटावर, रात्र बोटीवर. मिनिकॉयचं १८८५ चं दीपगृह चढून वरून सरोवरासारखं पसरलेलं लगून बघितलं, की पाच दिवसांचा शीण निघून जातो. ज्यांना चकचकीत सोयींपेक्षा समुद्र आणि बेटं हवी असतील, त्यांच्यासाठी ही सहल उत्तम.

परदेशी क्रूझमध्ये अंतरांची फसगत जास्त होते. माहितीपत्रकावर ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण बोट लागते चिवितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर किलोमीटरहून लांब. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग. याउलट पेनांगमध्ये बोट जॉर्जटाउनच्या उंबरठ्यावरच लागते, तिथे टॅक्सीचीही गरज नाही. व्हिसाचंही तसंच. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच उतरायचं असेल, तर व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा हवा. बोटीवरचं घड्याळ आणि बंदरावरचं घड्याळ वेगळं असू शकतं. परतीची वेळ बोटीच्या घड्याळानं मोजायची.

बंदरात कंपनीची सहल घ्यावी की स्वतः फिरावं, हा नेहमीचा प्रश्न. कंपनीची सहल महाग असते, पण तिची बस उशिरा आली तर बोट सहसा थांबते. स्वतः फिरणाऱ्यासाठी ती थांबत नाही. म्हणून बंदर गावात असेल तर स्वतः फिरावं, गाव लांब असेल किंवा सोबत वृद्ध असतील तर कंपनीबरोबर जावं. तिकिटाच्या रकमेत काय येतं तेही नीट वाचावं. राहणं, जेवण आणि बहुतेक कार्यक्रम त्यात असतात. बंदरशुल्क, कर, सेवाशुल्क, पेयं, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली अनेकदा वेगळ्या मोजल्या जातात. समुद्रात मोबाइल विमान मोडवर ठेवावा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल घरी येऊन धडकतं.

आणि बोटीत मळमळण्याची भीती असलेल्यांनी खोली मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी डॉक्टरांना विचारून बोट हलायच्या आधी घ्यावी, हलू लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही.

शेवटच्या सकाळी बोट पुन्हा बॅलार्ड पियरला येते. हजार-दीड हजार माणसं गटागटानं उतरतात, सामान शोधतात, त्यात सकाळ निघून जाते. म्हणून परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्यावं, आणि धुक्याच्या दिवसांत शक्य असेल तर गाडीनं जावं. ती जुनी ‘पंजाब लिमिटेड’ पंजाब मेल या नावानं आजही आहे. आता ती धक्क्यावरून नाही, जवळच्या सीएसएमटीहून संध्याकाळी सुटते आणि जुन्याच रस्त्यानं इटारसी, आग्रा करत दिल्लीला जाते. बोटीतून उतरून, दुपारचं जेवण दक्षिण मुंबईत करून, मुलांच्या चपलांत अडकलेल्या लक्षद्वीपच्या वाळूसकट त्या गाडीत बसता येतं.