मल्हाररावांचा खटला: पुरावा एक, कौल दोन

न्यायाचा कौल पुराव्यावर ठरतो. पण निवाडा करणारा स्वतःला कोणात मोजतो, यावरही तो ठरतो. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा खटला हे त्याचे ठळक उदाहरण. नोव्हेंबर १८७४ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले आणि संशय महाराजांवर गेला. १८७५ मध्ये सहा जणांचे कमिशन बसले: अध्यक्ष सर रिचर्ड काउच यांच्यासह तीन इंग्रज, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी. साक्षी सर्वांनी त्याच ऐकल्या. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, हिंदी सदस्यांना नाही. हिंदी सदस्यांना पक्षपाती ठरवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण महत्त्वाच्या साक्षीदारांत गुन्ह्यात स्वतःच सामील असलेले रेसिडेन्सीचे नोकर होते. तरीही फूट नेमकी राज्यकर्ते आणि अंकित यांच्यामधूनच पडली. अखेर सरकारने विषप्रयोगाऐवजी गैरकारभाराचे कारण देऊन महाराजांना पदच्युत केले व मद्रासला पाठवले. त्यांचा कारभार जुलमी होता, हे मराठी सुशिक्षितांना ठाऊक होते. पण ‘आपल्या’ राजाला परक्यांनी शिक्षा करावी, हे अनेकांच्या जिव्हारी लागले.